सोसायटीत तिसरी बोअर घ्यावी का? (बावधन, पुणे)

टाकीराखण
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी बावधन बुद्रुकला, टेकडीच्या पायथ्याशी. 180 फ्लॅट, जागा साधारण दोन एकर. 2021 साली 23 गावं महापालिकेत आली त्यात आम्ही आलो. पाणी येतं, पण संप (जमिनीखालची टाकी) भरत नाही. बोअर दोन आहेत, एक 180 फूट, दुसरी 320. शिमगा जवळ आला की पहिली हवा ओढायला लागते. दुसरी रडतखडत चालते. बाकी सगळी भिस्त टँकरवर, आणि मेंटेनन्स कुठे जातो ते वेगळं सांगायला नको.

कमिटीत तिसऱ्या बोअरचा विषय निघाला आहे. बोअर मारणारा गाडीवाला म्हणतो, 700 फूट मारू, पाणी कुठे जातंय. एक काका ओळखीचा पाणाड्या आणतो म्हणतात. तरुण मंडळींचं म्हणणं, मशीनचा सर्व्हे करा. रविवारी सभा आहे आणि मी सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायचा मान माझा. अनुभव असेल त्यांनी लिहा. "निसर्गाकडे परत चला" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, सकाळी सहाला नळ कोरडा असतो तेव्हा निसर्ग आठवत नाही.

चहाबिस्किट
सेक्रेटरींना आधी शुभेच्छा. आमच्याकडे मागचे दोघे याच विषयावर राजीनामा देऊन गेले.

काळापाषाण
टाकीराखण, 700 फुटांच्या आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. थोडं लांब होईल, पण सभेत उपयोगी पडेल.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हापुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचले. एका थराची जाडी दोन-चार मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत असते. अखंड बेसाल्ट, ज्याला गाडीवाले काळा पाषाण म्हणतात, त्यात पाणी जवळजवळ नसतंच. पाणी असतं ते तीन-चार जागी. वरच्या मुरमात. खालच्या भेगाळलेल्या खडकात. मांजऱ्या खडकात, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी अनारशासारखी जाळी पडलेला असतो त्यात, तोही झिजलेला असेल तर, कारण ताज्या मांजऱ्यातली भोकं पांढऱ्या खनिजांनी गच्च भरलेली असतात. आणि दोन थरांच्या सांध्यावर. सांध्यावर बऱ्याचदा लाल गेरूचा पट्टा लागतो. गेरू स्वतः पाणी सोडत नाही, उलट बोअरमध्ये ढासळून पंप अडकवतो, पण त्याच्या आसपास आडव्या भेगा असल्या तर पाणी मिळतं.

आता खोलीचं. आपल्या भागात कामाचं पाणी बहुतेक वेळा वरच्या शंभर-दोनशे फुटांतच असतं. खाली जावं तसा वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. अधूनमधून खोलवर एखादा सांधा लागतो, पाणी दणक्यात येतं, सोसायटीत पेढे वाटले जातात. पण ते पाणी खूप हळू भरून येणारं असतं. साठा एकदा उपसला की दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तीच बोअर मान टाकते. मग कुणी म्हणतं हजार फूट जाऊ.

तुमच्या दोन्ही बोअरना पाणी किती फुटांवर लागलं होतं? केसिंग, म्हणजे वरचा भाग ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, किती आहे? गाडीवाल्याने थराथराची नोंद दिली होती का?

टाकीराखण
नोंद कसली, बिलावर फूट आणि भाव एवढंच. बिल्डरच्या काळातली आहेत दोन्ही. वॉचमनच्या आठवणीप्रमाणे मोठीला पाणी नव्वदच्या आसपास लागलं आणि नंतर "खाली नुसती पावडर" निघाली.

काळापाषाण
म्हणजे नव्वदच्या खालची सव्वादोनशे फुटं तुमची बोअर ही एक उभी टाकी आहे, झरा नव्हे. दोन्ही बोअर बहुधा एकाच थरातलं पाणी पितात. तिसरीही तिथेच तोंड लावणार.

नगरकर
पाणाड्याला कुणी हसायच्या आधी लिहितो. आमचे चुलते उंबराची काठी घेऊन पाणी दाखवायचे. नारळवालेही बघितलेत. पारनेर तालुक्यात निम्म्या विहिरी त्यांच्या शब्दावर खोदल्या आहेत आणि पाणी आहे. म्हाताऱ्याला शिवार पाठ होतं. उंबर कुठं आहे, वारुळ कुठं आहे, बांधाची दगडी रेघ कुठून कुठं जाते, ओढा कुठं वळतो, सगळं. काठी वळायच्या आधी ते दोन दिवस नुसते शिवारात फिरायचे.

काळापाषाण
नगरकर, तुमच्या चुलत्यांचं शिवाराचं ज्ञान मी शंभर टक्के मानतो. काठीचं नाही. विहिरीला पाणी लागण्याची शक्यता मुळात चांगली असते, कारण ती मुरमात रुंद खोदलेली असते, चारी बाजूंनी पाझर घेते. सहा इंची बोअर एक भेग चुकली की कोरडी. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ना उंबर ना वारूळ ना ओढा. पेव्हर ब्लॉकवर काठी काय वाचणार? "दगडी रेघ" मात्र कामाची. ती बहुतेक डाईक असते, थरांना उभी चिरत गेलेली भिंत. कधी तिच्या कडेने पाणी वाहतं, कधी ती पाणी अडवते आणि एका बाजूला विहिरी भरलेल्या, दुसऱ्या बाजूला खडखडाट.

नगरकर
ते मान्य. चुलते शहरात कधी आलेच नाहीत पाणी दाखवायला. बोलावणं आलं तर म्हणायचे, "तिथं जमीन दिसत नाय."

प्रोब
मशीनच्या सर्व्हेबद्दल. मी या कामात होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. विद्युत रोधकता पद्धतीत जमिनीत चार खुंट्या ठोकतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात, आतल्या दोनवर मोजतात. ओला, झिजलेला खडक वीज सहज जाऊ देतो, काळा पाषाण अडवतो. शेतात ही पद्धत चांगली चालते.

सोसायटीत दोन अडचणी. खोलवरचं वाचायचं तर खुंट्या लांब न्याव्या लागतात. तीनशे फुटांखालचं काही सांगायचं तर एका सरळ रेषेत त्याच्या कित्येक पट लांबी हवी. दोन एकरांत इमारती उभ्या असताना ती रेषा कुठून काढणार? दुसरं म्हणजे जमिनीत केबल, अर्थिंग, लोखंडी पाइप, गटारं. वीज त्यातून पळते आणि आलेख सुंदर ओला दिसतो. शिवाय गेरू आणि चिकणमाती पण कमी रोधकता दाखवतात. त्यामुळे तासाभरात मोबाइलएवढं यंत्र फिरवून "इथे 450 फुटांवर दोन इंची पाणी" असा ठप्पा मारणारा आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

करायचंच असेल तर आधी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या बोअरची खोली, पाणी कुठे लागलं, उन्हाळ्यात कितीवर जातं, हे एका कागदावर उतरवा. फुकट आहे, आणि दहा-बारा बोअरची माहिती जमली तर मशीनपेक्षा जास्त सांगते.

बंगलेवाली काकू
मी पाषाणची. घर जुनं, अंगणात विहीर आहे, सासऱ्यांनी बांधलेली. मे महिन्यात सुद्धा चार हात पाणी असायचं. शेजारी तीन मजले खाली पार्किंगचा खड्डा घेतला आणि रात्रंदिवस पंप लावून पाणी गटारात सोडलं. चांगलं स्वच्छ पाणी. त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. विचारायला गेले तर म्हणे, काकू हे पाणी आम्हाला नको आहे, अडचण आहे ती. समोरच्या सोसायटीत त्याच वेळी टँकर उभा!

काळापाषाण
काकूंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. तीस-पस्तीस फुटांचा खड्डा म्हणजे वरचा मुरूम आणि भेगाळ थर, जिथे पावसाचं पाणी साठतं नेमका तोच, कापून काढणं. आपण बोअरच्या संख्येवर भांडतो आणि तळघरांतून जाणारं पाणी कुणी मोजत नाही.

हिशेबनीस
थोडी आकडेमोड. माणशी 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतो.
180 फ्लॅट, घरटी चार माणसं, 720 माणसं. रोजची गरज 97,200 लिटर. दहा हजारी टँकर जवळपास दहा.

आता जमीन किती देते? दोन एकर म्हणजे सुमारे 8,000 चौरस मीटर. पुण्याचा पाऊस ढोबळ 700 मिलिमीटर धरा. बेसाल्टमध्ये त्यातला ढोबळ दहा टक्के मुरतो असं समजू (तोही उघड्या जमिनीवर, तुमच्याकडे बहुतेक काँक्रीट असेल). 8,000 गुणिले 0.7 गुणिले 0.1, म्हणजे 560 घनमीटर, 5 लाख 60 हजार लिटर.

वर्षभराचा मुरलेला पाऊस, सोसायटीला सहा दिवससुद्धा पुरत नाही.

म्हणजे उरलेले दिवस बोअरमधून जे येतं ते तुमच्या जमिनीचं नाहीच. टेकडीवर पडलेलं आहे, शेजाऱ्याच्या प्लॉटखालून आलेलं आहे.

टाकीराखण
हा हिशेब मी दोनदा केला. खरंच सहा दिवस येतो. सभेत हा एकच कागद दाखवला तरी पुरे.

हिशेबनीस
अजून एक. बेसाल्टमध्ये उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के असतं. दोन धरा. तुमच्या दोन एकरांखाली पातळी एक मीटर खाली गेली तर मिळतात 160 घनमीटर, दीड-पावणेदोन दिवसांचं पाणी. म्हणून बोअर फेब्रुवारीत ठणठणीत आणि मार्चमध्ये खलास. नदीकाठच्या वाळूत असं होत नाही.

ईस्टमन
गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडा की. आमच्या सोसायटीने केलंय, मालमत्ता करात सूट पण मिळते.

हिशेबनीस
सोडाच, पण अपेक्षा बेताची ठेवा. सगळ्या इमारतींच्या गच्च्या मिळून 2,400 चौरस मीटर धरल्या, पावसाच्या ऐंशी टक्के पाणी हाती आलं, तर 13 लाख 44 हजार लिटर. सुमारे चौदा दिवस. वाईट नाही, नैसर्गिक मुरण्याच्या दुपटीहून जास्त आहे. पण जाहिरातीत म्हणतात तसं "टँकरमुक्त" कुणी होत नाही यातून.

काळापाषाण
आणि कृपा करून गच्चीचा पाइप थेट चालू बोअरमध्ये खुपसू नका. कबुतरांची घाण, डांबराचा थर, टाकीच्या साफसफाईचं पाणी, सगळं त्याच थरात जातं जिथून शेजारी पितो. पहिला पाऊस बाहेर सोडा, मग गाळणी, मग शोषखड्डा किंवा जुनी आटलेली बोअर. वरचा मुरूम कोरडा असेल तर साधा खड्डा बोअरपेक्षा सरस. तुमची 180 फुटी उन्हाळ्यात आटते, ती पुनर्भरणाला वापरता येईल का ते बघायला हवं.

सिंहगडरोड
पाण्याच्या गुणवत्तेचंही बोला. जानेवारी 2025 मध्ये आमच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडले तेव्हा प्रत्येक जण आपापल्या विहिरीकडे आणि टँकरकडे संशयाने बघत होता. बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पितात लोक. सांडपाण्याची गळकी लाइन आणि बोअर यांत दहा फूट अंतर असेल तर काय स्वच्छ. वर्षातून एकदा तरी तपासणी करा. क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट 45 च्या आत हवं. नायट्रेट वाढलेलं दिसलं की समजा कुठेतरी गटार मिसळतंय. आणि जिवाणूंची तपासणी वेगळी सांगावी लागते, नाहीतर लॅब फक्त क्षार आणि कठीणपणा छापून देते.

वकीलबुवा
कायद्यावरून दोन गैरसमज दिसतात. एक, "200 फुटांच्या वर बोअरला बंदी". महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009, जो 2014 पासून लागू झाला, त्यात 60 मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर अशी व्याख्या आहे आणि त्यातली मनाई शेती व उद्योगासाठी आहे. निवासी वापर त्या वाक्यात येत नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असं नाही. खोदणाऱ्या गाडीची नोंदणी लागते, अधिसूचित क्षेत्रात बंधनं वेगळी. राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला नेमलं आहे. दुसरा गैरसमज, "आमच्या जमिनीखालचं पाणी आमचं". याचं मूळ 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, इंग्रजांच्या काळातलं. हिशेबनीसांचा सहा दिवसांचा कागद त्या कल्पनेला बरा उतारा आहे. आणि तुमच्या बिल्डरने महापालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र दिलं होतं का, ती फाइल शोधा. गावांतल्या बऱ्याच प्रकल्पांत असं हमीपत्र असतं आणि हस्तांतरणानंतर कुणी ते उघडून बघत नाही.

टाकीराखण
फाइल शोधतो. कपाटाची किल्ली आधीच्या चेअरमनकडे आहे आणि आमचं बोलणं नाही, तरी शोधतो.

बंगळूरवासी
पुण्याचा, पण बारा वर्षं बंगळूरला. तिथे ग्रॅनाइट, वेगळा खडक, पण पुढची पायरी बघायची असेल तर इथे या. 2024 च्या मार्चमध्ये सरकारनेच सांगितलं की शहरातल्या 13,900 सरकारी बोअरपैकी 6,900 कोरड्या आहेत. आमच्या अपार्टमेंटमध्ये हजार फुटांच्या पुढे गेलेल्या बोअर आहेत. एकाने खोल मारली की शेजारी त्याच्यापेक्षा खोल मारतो. गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, रात्री अकराला येतात आणि सकाळपर्यंत झोप नाही. शेवटी आमचं गाडं सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरण्यावर आलं.

हिशेबनीस
हे मी लिहिणारच होतो. 135 मधले 45 लिटर फ्लशचे धरतात. 720 माणसांचे 32,400 लिटर, म्हणजे रोज तीन टँकर. टाकीराखण, तुमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे ना? चालू आहे का?

टाकीराखण
आहे. "चालू" हा शब्द जरा सढळ हाताने वापरावा लागेल. वास येतो म्हणून सभासदांनी फ्लशची लाइन बंद करायला लावली. ते पाणी बागेला आणि उरलेलं नाल्यात जातं.

चहाबिस्किट
म्हणजे रोज तीन टँकर नाल्यात आणि दहा टँकर गेटवर. ये बात!

प्रोब
एसटीपी दुरुस्तीचा खर्च आणि 700 फुटांच्या बोअरचा खर्च, दोन्ही कोटेशनं समोर ठेवून सभेत बोला. आणि गाडीवाला "दोन इंची पाणी" म्हणाला तर विचारा, कशावर मोजलं. व्ही आकाराच्या खाचेतून पाणी वाहतं ठेवून त्याची उंची मोजतात. एक इंचाला तासाला साधारण 500 लिटर, दोन इंचाला 2,900, तीनला 8,000. इंच दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट नव्हे, साडेपाच पटीहून जास्त. नजरेने "अडीच-तीन इंच" म्हणणारा किती फरक करतो बघा. शिवाय खोदताना हवेच्या दाबाने उसळलेलं पाणी आणि मे महिन्यात पंपाने मिळणारं पाणी यात जमीन-अस्मानाचं अंतर.

काळापाषाण
तिसरी बोअर मारायच्या आधी आहेत त्या दोन मोजा. प्लंबरकडून बोअरमध्ये पंपाच्या पाइपशेजारी पाऊण इंची पीव्हीसी नळी सोडून घ्या, त्यातून फीत खाली सोडता येते, नाहीतर केबलमध्ये अडकते. फितीच्या टोकाला दोन तारा आणि वर बझर, पाणी लागलं की वाजतो. डिलिव्हरीला मीटर. रोज एकाच वेळी, पंप चालू करण्यापूर्वी पातळी लिहा. मग एक दिवस पंप ठरावीक प्रवाहावर सलग चालवून दर तासाला पातळी, आणि बंद केल्यावर ती किती वेळात वर येते ते. यावरून कळेल की बोअर तासाला किती देऊ शकते. बऱ्याच सोसायट्यांत बोअर वाईट नसते, पंप फार मोठा असतो. दहा मिनिटांत उपसतो, कोरडा चालतो, जळतो. व्हॉल्व्ह आवळून, टायमर लावून तीच बोअर दिवसभरात जास्त पाणी देते.

बावधनमध्येच यावर काम केलेले नागरिक आहेत. पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेने शहराच्या जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकथरांचा, अभ्यास 2019 मध्ये मांडला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पण पुण्यातच, शिवाजीनगरला. सत्तरच्या दशकापासून राज्यभरच्या निरीक्षण विहिरी मोजतात ते लोक. जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

नगरकर
हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर बंद, फक्त पिण्यासाठी. सगळा गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवतो. शहरातल्या माणसांना शेजारच्या सोसायटीचं नाव माहीत नसतं, तिथं पाण्याचा हिशेब कसा मांडणार, हीच मला शंका.

बंगलेवाली काकू
नगरकर, मांडतील. टँकरचं बिल वाढलं की मांडतील. आणि आमच्या वेताळ टेकडीवर रस्ता नको म्हणून माणसं उन्हात उभी राहिली तेव्हा पाणी मुरण्याचा मुद्दा होताच की.

टाकीराखण
सभा झाली. सविस्तर लिहितो.

सहा दिवसांचा कागद वाचला तेव्हा मागून आवाज आला, "हे खोटं आहे." मग त्यांनीच मोबाइलवर गणित केलं आणि गप्प बसले. पाणाडीवाल्या काकांना नगरकरांच्या चुलत्यांचं "जमीन दिसत नाय" सांगितलं, ते हसले, पण पटलं असं म्हणणार नाही.

ठरलं ते असं. तिसरी बोअर दिवाळीपर्यंत स्थगित, रद्द नाही. दोन्ही बोअरना नळी आणि मीटर या आठवड्यात. फ्लशच्या लाइनीसाठी एसटीपीवाल्याकडून कोटेशन. वासाचा प्रश्न मिटल्याशिवाय कुणी हो म्हणणार नाही हे स्पष्ट दिसतंय. 180 फुटी बोअरच्या पुनर्भरणाला दोन मतं पडली, कारण ती ऑगस्ट ते जानेवारी अजून देते. काळापाषाण, यावर लिहा, चालू बोअर पुनर्भरणाला द्यायची की बाजूला वेगळा खड्डा घ्यायचा?

शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन केला. एकाने बोअरची माहिती लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, पाणी लागलेलं 85 ते 100 फुटांवर, म्हणजे आमचाच थर. दुसऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाला हवीय?"

काळापाषाण
वेगळा खड्डा घ्या, बोअरपासून निदान वीसेक फूट लांब, खाली मुरूम लागेपर्यंत. 180 फुटी चालू आहे तोवर तिला हात लावू नका. आणि त्या दुसऱ्या सेक्रेटरींना तुमच्या बोअरची माहिती आधी पाठवा, मग त्यांची मागा.

टाकीराखण
पाठवली. निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर आलं की धागा वर काढतो.